भिंतींआधी धूर

अमेरिकेत येऊन दोन हिवाळे झाले तरी आमच्या आजोबांना अमेरिका पटलेली नव्हती. म्हणजे जंगल पटलं होतं. माती तर फारच पटली होती. मूठभर उचलायचे, हुंगायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. पण ही माती आपली आहे हे काही केल्या त्यांच्या गळी उतरत नव्हतं. रस्त्यानं कुणी घोड्यावरून येताना दिसला की टोपी काढून हे बाजूला उभे! तो घोडेस्वार बहुतेक वेळा आमचे शेजारी ओबेद स्टकीच असायचे.

"मेरी, तुझ्या आजोबांचं डोकं फार तापतं का गं?" ते मला विचारायचे. "सारखी टोपी काढून वारा घेत असतात."

माझं नाव खरं तर मेरेरिद. पण ओबेदकाकांची जीभ आमच्या वेल्सकडच्या नावावर ठेचकाळते, म्हणून मी मेरी. मला चालतं. आमच्या घरात इंग्रजी येतं ते मला एकटीला, त्यामुळे अख्खं ओहायो आमच्याशी बोलतं ते माझ्या तोंडून. जहाजात मी आईच्या शालीआड तोंड लपवून बसायचे, हे आता सांगितलं तर शाळेत कुणी विश्वास ठेवणार नाही. आता दर शुक्रवारी मास्तर मला वादविवादाला उभं करतात आणि थोड्या वेळानं "मेरी, आता दुसऱ्यालाही बोलू दे" असं म्हणून खाली बसवतात.

तर आमचं घर. इतके दिवस आम्ही ओबेदकाकांच्या जुन्या झोपडीत राहत होतो. या शरद ऋतूत बाबांनी आमच्या जमिनीवरची झाडं पाडून ओंडके तासून ठेवले. ओबेदकाका येऊन बघून गेले आणि म्हणाले, "गुरुवारी उभारू." इथं असंच असतं. एकाचं घर उभारायचं तर सगळी वस्ती कुऱ्हाडी घेऊन हजर. सकाळी काही नसतं, संध्याकाळी घर असतं. तुम्ही फक्त जेवायला घालायचं आणि पुढच्याच्या वेळी आपण जायचं.

मी ही बातमी उड्या मारत आजोबांना सांगितली.

"दिवसा?" आजोबा म्हणाले.

"दिवसाच. मग काय रात्री?"

"रात्रीच. दिवसा बांधलेलं घर आपलं कसं होईल?"

बाबांनी कपाळावर हात मारला. आईनं पोळीसारखी लाटलेली ओटची भाकरी तव्यावर टाकली. तिला पुढचं सगळं ठाऊक होतं. मलाही होतं. आमच्याकडच्या डोंगरात गोरगरिबांची एक समजूत आहे. गावच्या माळावर सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत एका रात्रीत घर उभं केलं आणि सूर्याबरोबर धुराड्यातून धूर निघाला, तर ते घर तुमचं. मग राजासुद्धा तुम्हाला उठवू शकत नाही. तरुणपणी आजोबांनी असं घर बांधलं होतं. भिंती झाल्या, छप्पर झालं, दार लागलं. पण सरपण ओलं निघालं. सूर्य वर आला आणि धूर आला नाही. जमीनदाराचा माणूस समोर घोड्यावर बसून वाटच बघत होता. दुपारपर्यंत त्यानं सगळं पाडून टाकलं. त्यानंतर आजोबा जन्मभर दुसऱ्याच्या छपराखाली राहिले.

"अहो, ही जमीन मी विकत घेतलीय," बाबा म्हणाले. "सरकारी शिक्क्याचा कागद आहे."

"कागद जमीनदाराकडेही होता."

"इथं जमीनदार नाहीच मुळी!"

"येईल. अजून वाट सापडली नसेल त्याला." आजोबांनी भाकरीचा तुकडा मोडला. "तुम्ही खुशाल राहा त्या घरात. मी पाय ठेवणार नाही. मी इथंच ओबेदच्या झोपडीत मरेन."

आजोबांशिवाय नवं घर! छे, मला कल्पनाच करवेना. मी धावत ओबेदकाकांकडे गेले. त्यांना आधी हसू आलं, मग ते गंभीर झाले. "रात्री ओंडके चढवायचे? मेरी, मागच्या उभारणीत भर दुपारी केलेबच्या पायाचा अंगठा गेला. अंधारात डोकी जातील. आजोबांना सांग, इथं घर पाडायला कोणी येत नाही. उलट आम्हीच घरं सोडून पुढं पुढं पळतो. माझं हे तिसरं."

मी हे सांगितल्यावर आजोबा म्हणाले, "बघ! तीन वेळा उठवलं बिचाऱ्याला."

आता काय करणार अशा माणसाला?

पण वादविवादात मास्तरांनी मला एक युक्ती शिकवलीय. समोरच्याला खोटं पाडायला जायचं नाही. त्याचंच वाक्य घट्ट धरायचं आणि त्याला त्यातूनच चालवायचं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी आजोबांसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिले.

"आजोबा, नियम नीट सांगा. सूर्याबरोबर काय निघायला हवं?"

"धूर."

"कुठून?"

"धुराड्यातून. वेडी आहेस का?"

"भिंतींतून नाही ना?"

"भिंतींतून धूर निघाला तर घर पेटलंय म्हणायचं."

"म्हणजे नियमाला धुराडं लागतं. भिंती लागतात असं कुठं म्हटलंय?"

"अगं, घर म्हटलंय ना!"

"तुम्हीच म्हणता, चूल पेटली नाही तोवर ते घर नव्हे, गोठा. मग चूल पेटली की घर. भिंती मागून आल्या तर काय बिघडलं?"

"आणि एका रात्रीत?"

"तुमच्या वेळी दगड, दार, वासे आधीपासून तयार नव्हते?"

"होते. गवताखाली लपवले होते."

"मग आपलंही सामान आधी तयार ठेवू. धुराडं हे सामान. चूल मात्र त्या पहाटेच पेटवायची."

आजोबांची दाढी हलायला लागली. हसताना आधी त्यांची दाढीच हलते. "अमेरिकेनं वकील केलाय पोरीचा," ते आईला म्हणाले. "हिला नवरा कसा मिळायचा?"

"नवऱ्याचं नंतर बघू," मी म्हटलं. "आधी दगड."

आणि आजोबांनी धुराडं बांधलं! तिकडं जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या कुरणांना दगडी बांध घातले होते, त्यामुळे हात तयारच होता. मी आणि बाबा ओढ्यावरून दगड आणत होतो, ते चिखलात बसवत होते. मोकळ्या रानात एकटं उंच धुराडं आणि त्याच्या पायाशी चूल, बाकी काही नाही. येणारे-जाणारे घोडे थांबवून विचारायचे, "बाकीचं घर पळालं की काय?"

गुरुवारी पहाटे आम्ही सगळे तिथं होतो. आजोबांनी एकेक लाकूड गालाला लावून बघितलं. सगळी कोरडी. चकमक झडली, कापूस पेटला, ज्योत आली आणि मी टाळी वाजवणार तोच वारा सुटला.

वाऱ्याला अडवायला काहीच नव्हतं. तो थेट चुलीत घुसला. धूर वर जायचं सोडून आमच्या तोंडावर येत होता, जमिनीवर लोळत होता. आजोबा गुडघ्यांवर बसून फुंकत होते. टेकडीच्या कडेला आभाळ पिवळं होत चाललं होतं. बाबांनी कोट पसरून धरला, आईनं शाल धरली. वारा दोन्हींच्या मधून आत. आजोबा वर बघेचनात. मला ठाऊक होतं, त्यांना जमीनदाराच्या माणसाचा तो घोडा दिसत होता.

तेवढ्यात ओबेदकाका आणि बाकीची मंडळी कुऱ्हाडी खांद्यावर टाकून झाडीतून बाहेर आली.

"अरे वा, घर अजून—" केलेबनं सुरुवात केली.

"बोलू नका!" मी ओरडले, एवढ्या मोठ्यानं की मीच दचकले. "कुऱ्हाडी टाका! इकडे या, चुलीभोवती! खेटून उभे राहा! ओबेदकाका, तुम्ही कोपऱ्यात. कोटाची बटणं काढा, कोट पसरा! केलेब, खांद्याला खांदा, मध्ये फट नको!"

कुणी का म्हणून विचारलं नाही. ते धिप्पाड बाप्ये मुकाट्यानं उभे राहिले, तीन बाजूंनी, कोट उघडून, वाऱ्याकडे पाठ करून. आत एकदम शांत झालं. ज्योत सरळ झाली. धूर चुलीच्या कडेशी क्षणभर घुटमळला, मग वळला आणि धुराड्यात शिरला.

"मेरी, आम्ही काय करतोय हे आता तरी सांगशील?" ओबेदकाकांनी खोकत विचारलं.

"भिंती आहात तुम्ही. हलू नका."

मी मागं धावले आणि मान वर केली. धुराड्याच्या तोंडातून आधी बारीक, मग चांगला जाड, पांढरा धूर निघाला. टेकडीवरून ऊन आलं आणि तो गुलाबी झाला. आजोबा उठले, भिंतींमधून वाट काढत बाहेर आले, डोळे पुसले आणि धुरावर खापर फोडलं. "सरपण चांगलं आहे," एवढंच म्हणाले.

मग खरे ओंडके चढले. धुराड्यासाठी भिंतीत जागा सोडावी लागली म्हणून ओबेदकाका दिवसभर कुरकुरत होते, "उलट्या देशातून आलेत हे लोक!" आम्ही चॅपलवाले, कडक पंथाचे, दारू घरात आणत नाही, म्हणून आईनं सगळ्यांना ताक दिलं. केलेबनं कपात डोकावून बघितलं आणि विचारलं, "हे भिंतीला लावायचं आहे का?" पण हरणाचं मांस आणि भोपळ्याची पुडिंगं आली तेव्हा त्याची तक्रार कुठल्या कुठं गेली. उन्हं कलायच्या आत वासे बसले.

"आता कुऱ्हाड द्या," आजोबा म्हणाले.

रात्रीच्या घराला जमीन किती, तेही ठरलेलं असतं. दारात उभं राहून कुऱ्हाड फेकायची. पडेल तिथवर आपलं. पण त्यासाठी उंबऱ्यातच उभं राहावं लागतं, आणि कोणी काही बोलायच्या आत आजोबा आत गेलेसुद्धा! आत जाऊन वळले, दारात पाय रोवले आणि कुऱ्हाड भिरकावली. ती एका खुंटाशी पडली.

"एवढंच?" ओबेदकाका ओरडले. "मेरी, त्यांना सांग, त्यांची जमीन पार ओढ्यापर्यंत आहे! पुढं जाऊन पुन्हा फेका म्हणावं!"

मी सांगितलं. आजोबांनी माझ्याकडे संशयानं बघितलं, खुंटाशी गेले, कुऱ्हाड उचलली आणि पुन्हा फेकली. मागं वळून बघितलं. कुणी अडवलं नाही. पुन्हा फेकली. मंडळी ताकाचे कप घेऊन त्यांच्या मागून चालायला लागली, प्रत्येक फेकीला आरोळ्या ठोकत. शेवटची फेक ओढ्याच्या काठावरच्या चिखलात रुतली.

"आणि पाणी?" आजोबांनी मला विचारलं. "पाणी कुणाचं?"

मी ओबेदकाकांना विचारलं. त्यांनी डोकं खाजवलं. "पलीकडचा काठ माझा. तेव्हा अर्धं पाणी तुमचं."

मी आजोबांना तसं सांगितलं. त्यांनी मान डोलावली, बूटसुद्धा न काढता ओढ्यात उतरले, बरोब्बर मध्यावर जाऊन उभे राहिले आणि तिथूनच हात पुढं करून ओबेदकाकांना हाक मारली. त्या दिवशी पहिल्यांदाच मला भाषांतर करावं लागलं नाही.