माझ्या अंगावरचे व्हार्निश

मित्रांनो, मी बाजाची एक जुनी पेटी आहे. राहते न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या अल्बनी भागात; जन्म मात्र नागपूरचा. सागवानी अंग, पितळी रीड आणि दमदार भाता! लहू नावाच्या तरुण इंजिनिअरने मला हौसेने घेतले आणि परदेशी निघताना बॅगेतले कपडे कमी करून बरोबर आणले. इथल्या विमानतळावर लाकडाला कीड तर नाही ना, म्हणून अधिकाऱ्यांनी माझ्या पोटात बॅटरी मारून पाहिले. इतकी कसून चौकशी तर लहूचीसुद्धा झाली नाही.

पुढे लहू नोकरीत बुडाला आणि मी गॅरेजात गेले. ओलसर हवेने माझा भाता फाटला, पट्ट्या फुगल्या. फार वाईट वाटायचे हो!

मला बाहेर काढले ते त्याच्या लेकीने, धम्मदीनाने. तेव्हा ती शाळेत होती. तिने मला पूर्ण उघडले, भात्याला नवे चामडे लावले आणि एकेक रीड घासूनपुसून सुरात आणली. मग ऑकलंडच्याच बॉटनी डाउन्स भागातल्या हॉलमध्ये बुद्धवंदनेनंतर भीमगीतांना माझी साथ सुरू झाली. लोक तिचे कौतुक करायचे आणि मी उगाच भाव खायची.

शाळा संपल्यावर धम्मदीनाने जाहीर केले, "मला वाद्यं बनवायला शिकायचंय. जर्मनीत. तिकडे वर्कशॉपमध्ये काम करता करता शिकवतात. प्रॉपर अप्रेंटिसशिप असते."

"अगं, पण तिथे आपलं कोण आहे?" तिची आई शैला म्हणाली.

"तुम्ही आलात तेव्हा इथे तरी कोण होतं, आई?"

धम्मदीना नेटाने जर्मन शिकली आणि तिने कितीतरी वर्कशॉपना अर्ज केले. कुणी उत्तरच दिले नाही, कुणी म्हणाले, फार लांब राहतेस, भाषाही कच्ची आहे. शेवटी एका छोट्या गावातल्या अकॉर्डियन, म्हणजे गळ्यात अडकवून वाजवायच्या माझ्या विलायती बहिणी, बनवणाऱ्या मालकीणबाईंनी कळवले, की व्हिडिओवर बोलू, तू दुरुस्त केलेली पेटी दाखव. आता सगळी आशा या एकाच ठिकाणी होती.

आणि इथे लहूने घोळ घातला. त्याच्या लेखी हा मुलगी बघण्याचाच कार्यक्रम! शैलाने पोहे केले, म्हणजे ते जर्मनीत कोण खाणार होते, देव जाणे. लहूने भिंतीवरचे कॅलेंडर उतरवले, स्वतः टाय लावला आणि धम्मदीना कामावर गेलेली पाहून मला चकचकीत व्हार्निश फासले. अंगावर, कडांवर, पट्ट्यांच्या फटींतसुद्धा.

संध्याकाळी कॉल लागला. पडद्यावर मालकीणबाई आल्या. धम्मदीनाने भाता ओढला, पट्टी दाबली, ती खाली गेली आणि वर येईचना. दुसरीही तशीच. मी नुसती भोंग्यासारखी रेकत राहिले. मेल्याहून मेले मी!

"बाबा, यू डिडन्ट!"

"छान दिसावी म्हणून गं..." लहूचा चेहरा पार उतरला.

धम्मदीनाने खोल श्वास घेतला. मला टेबलावरून जमिनीवर घेतले, मांडी घातली आणि स्क्रू काढायला लागली. अडखळत्या जर्मनमध्ये ती सांगत होती, काय चिकटलेय, आधी काय सोडवायचे, कुठे पाते लावायचे नाही. मालकीणबाई म्हणाल्या, "घाई नको. कॅमेरा जवळ घे." पट्ट्या एकेक करून निघाल्या, कडा खरवडून साफ झाल्या, पुन्हा बसल्या. मग मी वाजले. असे वाजले, की शैलाने डोळ्यांना पदर नाही म्हणून बाही लावली.

"रंगवली कुणी?" मालकीणबाईंनी विचारले. लहूने मुकाट्याने हात वर केला. त्या खो खो हसल्या. "माझ्याकडेही असे बरेच बाबा येतात," त्या म्हणाल्या. "तू ये. आठवडाभर माझ्याकडे काम करून दाखव, मग ठरवू."

धम्मदीना गेली. तो आठवडा घरात कुणाला जेवण गोड लागले नाही. मग एका रविवारी तिचा फोन आला. "आई, बाबा, त्यांनी मला घेतलं! करार झाला, मी राहतेय!"

शैला हसत होती आणि रडतही होती. लहू माझ्यासमोर बसला आणि कितीतरी वर्षांनी त्याने स्वतः भाता ओढला. बोटे चुकत होती, पण गाणे ओळखू येत होते.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादे वाद्य कोपऱ्यात पडले असेल. त्याला नटवू नका. उघडा, पुसा, रोज थोडे वाजवा. आम्हाला हात लागला की आम्ही जगतो.

फोन अजून चालूच होता. लहू मध्येच थांबला. "दीना, फार चुकतंय गं माझं."

तिकडून ती म्हणाली, "चुकू दे, बाबा. थांबू नका. इथे मालकीणबाईंसकट सगळे ऐकतायत."