मडीत अडकलेला निरोप

चुलीपाशी बसलेल्या बाईनं मध्ये उठायचं नाही, असा नियम ज्यानं कुणी घातला, त्याला मी तोंडावर सांगते: तू मला विचारलं नाहीस. बाईला तर नाहीच नाही. नियम घातलास आणि स्वतः पाटावर जाऊन बसलास, ताटाची वाट बघत.

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे. लघवीची पिशवी. नाकं मुरडू नका, तुमच्याही पोटात माझी एक बहीण आहे. तंजावूरच्या मेल वीदी या रस्त्यावरच्या अंबुजाबाईंच्या ओटीपोटात मी राहते. त्या आईच्या पोटात होत्या तेव्हाच मी घडले. भरायचं आणि रिकामं व्हायचं, एवढंच माझं काम.

पण एक कोडं मला कायम पडायचं. मला डोळे नाहीत, कान नाहीत. मग कधी थांबायचं, कधी दाबायचं, हे मला सांगतं कोण? हळूहळू उमगलं. माझ्या भोवतीच्या नसा रसायनं सोडतात, तेच निरोप. मी भरत असते तेव्हा नॉरअ‍ॅड्रेनालिन येतं. मला म्हणतं सैल पड, माझ्या मानेला, म्हणजे खालच्या तोंडाला, म्हणतं आवळून धर. मी ताणले की माझ्या अस्तरातून एटीपी झिरपतं आणि मेंदूकडे जाणाऱ्या नसांना डिवचतं: भरत आलं हो. बाई जागेवर पोचल्या की अ‍ॅसिटिलकोलीन येतं आणि म्हणतं, दाब. त्याच वेळी नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू वाट मोकळी करतो. आणि नवल हे की, जे बाहेरचं दार माणूस स्वतःच्या इच्छेनं धरून ठेवतो, तेही अ‍ॅसिटिलकोलीनच आवळतं. रसायन एकच. मला सांगतं दाब, दाराला सांगतं मिटून राहा. ऐकणारे वेगळे, म्हणून अर्थ वेगळा. मला अजून याचं आश्चर्य वाटतं.

आता कौतुकाचे दिवस ऐका. या घरात सोवळ्याला मडी म्हणतात. श्राद्धाचा स्वयंपाक करणारीनं न्हाऊन, कुणाचा हात न लागलेली, वेगळी वाळवलेली साडी नेसायची. मध्ये लघवीला गेली की मडी मोडली, पुन्हा न्हाणं, पुन्हा दुसरी साडी. म्हणून अंबुजाबाई आदल्या संध्याकाळपासून पाणीच तोडायच्या; तरी मी थेंबाथेंबानं भरतच असायचे. थोरले दीर नटराजभावजी ओरत्तनाडूहून यायचे आणि पाहुण्यांना सांगायचे, आमची अंबुजा पायसम् उतरेपर्यंत जागची हलत नाही. बाई लाजून हसायच्या. कौतुक त्यांचं, ताण माझा. ताणून ताणून माझा स्नायू ढिला पडला. ‘दाब’ म्हटलं तरी मला पूर्वीसारखं दाबता येईना.

यंदा सासऱ्यांच्या श्राद्धाला बाईंना सर्दी झाली. शिंकेचा एक थेंब पडला तर सगळा स्वयंपाक टाकावा लागेल, ही धास्ती. त्यांनी न्हाण्याआधी सून रम्याकडून सर्दीची गोळी मागून घेतली. तासाभरानं आणखी एक. पण मित्रांनो, नाकासाठी घेतलेली गोळी नाकाशीच थांबत नाही. तिच्यात दोन औषधं होती. एकानं नाक सुकवता सुकवता अ‍ॅसिटिलकोलीनचा निरोप माझ्यापर्यंत येऊच दिला नाही. दुसरं नॉरअ‍ॅड्रेनालिनची नक्कल करत माझ्या मानेला सांगत राहिलं, धर, धर.

ब्राह्मण जेवून उठल्यावर बाई मागच्या बाजूला धावल्या. काही येईना. नळ सोडून बघितला, तरी येईना.

रम्या दाराबाहेरून म्हणाली, “अत्ते, आत पोडीचा मसाला कुटताय का? पंगत खोळंबलीय.”

“येत नाही गं,” आतून आवाज आला. “फुटेल असं वाटतंय.”

रम्याची थट्टा तिथंच विरली. भावजींचं म्हणणं होतं, घरच्यांची पंगत उरकू दे, मग बघू. रम्यानं मडीच्या साडीतच सासूला ऑटोत घातलं.

डॉक्टर धनलक्ष्मींनी बारीक नळी घालून मला मोकळं केलं. गोळी कुठली, पाणी कधी प्यायलं, सगळं विचारलं, आणि मग स्पष्ट सांगितलं: पुन्हा अशी ताणलीत तर ही पिशवी स्वतःहून रिकामी होणं सोडून देईल, नळी कायमची लागेल. मी तर भ्यालेच.

मित्रांनो, निरोप आला की उठा. वर्गात असाल तर हात वर करा, आणि शिकवणाऱ्या बाई नाही म्हणाल्या तर पुन्हा वर करा. पाणी तोडू नका. डॉक्टरांना न विचारता गोळी गिळू नका.

आता अंबुजाबाईंच्या सासूबाईंचं श्राद्ध जवळ आलंय. काल भावजी आले, कॉफी झाली, आणि म्हणाले, “चुलीपाशी तूच ना, नेहमीसारखी?”

अंबुजाबाई म्हणाल्या, “मीच. पण लागलं की उठेन. जाऊन येईन, हातपाय धुईन आणि त्याच साडीत परत बसेन. ते ताट तुम्ही जेवणार की नाही?”

भावजी वर पंख्याकडे बघत राहिले.

“पंखा नाही बसणार पंगतीला, भावजी. तुम्ही बसणार. हो की नाही, बोला.”