धर्मगुरूच्या वधाचा प्रवेश

राज्यप्रमुखाच्या नावाने प्रार्थना म्हणायला नकार दिला म्हणून धर्मगुरूला पकडून नेलं. पुढे तो तुरुंगातच वारला, असं सरकारने कळवलं. प्रेतही दिलं नाही. धाकट्या भावाने त्यावर पद्यनाटक लिहिलं. वधाच्या प्रवेशात धर्मगुरू म्हणायचा, 'मान छाटा, पण वाकवू नका', आणि अख्खं थिएटर हुंदके द्यायचं. विधवेचं काम खुद्द वहिनी करायची. नाटकाने लोक पेटले, सरकार कोसळलं. नाटकाला पैसा पुरवणारा गिरणीमालक नवा राज्यप्रमुख झाला.

तुरुंग उघडले, तेव्हा धर्मगुरू चालत घरी आला.

दार वहिनीने उघडलं. त्याला आत घेऊन तिने दार लावून घेतलं. धाकटा दादाच्या गळ्यात पडून रडला, पाणी तापवून त्याने त्याला आंघोळ घातली. पाठीवरच्या वळांना त्याने तेल लावलं. संध्याकाळी प्रयोग होता.

"मलाही बघू दे, मी कसा मेलो ते," दादा म्हणाला.

त्याला विंगेत बसवलं. वधाचा प्रवेश झाल्यावर तो म्हणाला, "मी असं बोललो नाही रे. त्यांच्या पाया पडलो, माफी लिहून दिली. तेवढं बदल."

"वृत्तात बसणार नाही, दादा."

"मग वृत्त बदल."

वहिनी रंग लावून शेजारीच उभी होती. "तुझ्याकडे परत यायचं होतं," तो तिला म्हणाला.

"मी सांगितलं होतं, पाय धरा म्हणून? लोक आता माझ्या पाया पडतात."

दादा उठला आणि सरळ रंगमंचावर गेला. "मीच तो," तो लोकांना म्हणाला. "मी जिवंत आहे."

पहिल्या रांगेतून राज्यप्रमुखाने शांतपणे विचारलं, "कविराज, कोण हा?"

धाकट्याने वहिनीकडे पाहिलं. ती पुढे झाली. दादाचा चेहरा तिने नीट निरखला.

"भ्रमिष्ट दिसतो बिचारा," ती म्हणाली. "मारू नका त्याला."

लोकांनी मारलंच. मग त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं.

धाकटा एकदाच भेटायला गेला. दादा रागावला नव्हता. "इथला पाव कडक असतो," तो म्हणाला. "दात राहिले नाहीत. तिला सांग, मऊसं काहीतरी करून पाठव."

"सांगतो."

घरी वहिनी आरशासमोर बसून नवे संवाद पाठ करत होती. एका ओळीवर अडली.

"पुढे काय रे?"

त्याने पुढची ओळ सांगितली आणि आपल्या खोलीत गेला.