आत्याचे नऊ सराव

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. जिन्याखालच्या कपाटात, छत्र्या आणि इस्त्री यांच्या मधोमध माझा मुक्काम असतो. बोलता बोलता मी थांबेन. कंटाळू नका, माझा पंखा अडकतो.

माझी पहिली नोकरी फोटो स्टुडिओतली. माणसांच्या पाठीमागची भिंत मी निळी करून द्यायचो. लोक मला हुशार म्हणत. मग नवा कॉम्प्युटर आला आणि मी भंगारात गेलो. तिथून आत्याच्या भाचीने मला घरी आणलं.

"घरात अडगळ कमी होती का गं?" आत्या म्हणाली. आत्या गाणं शिकवायची. तेव्हा तिचा आवाज तिसऱ्या घरापर्यंत जायचा.

पुढे घशाचं ऑपरेशन झालं आणि त्या आवाजाची कुजबुज उरली. शिकवणी बंद पडायची वेळ आली. तेव्हा भाचीने आत्याच्या साऱ्या कॅसेटी माझ्या पोटात उतरवल्या, झिजलेल्या फिती टाकून दिल्या आणि ती गाणी फोनवर वाजवण्यासाठी एक प्लेअर बनवायला घेतला. गाणी मी सांभाळायची, ऐकवायची त्याने. बाहेरच्या कोणाची मध्ये लुडबुड नको.

पहिल्या प्लेअरवर बटणांचा नुसता बाजार भरला होता.

"मला काय विमान चालवायचंय?" आत्या कुजबुजली. "पोरींना तीच ओळ परत ऐकवायची असते. मागे जायचं बटण दे. मोठं. बाकीची तुझी तुला ठेव."

बटणं बनवायला भाचीला आठवडा लागला होता. काढायला महिना लागला.

थांबा.

पंखा.

हं.

तर, काढता काढता तिचा हात गाण्यांवर गेला. एकच गाणं, 'सराव' या नावाने, नऊ वेळा. तिने मला हुकूम सोडला : शेवटचं ठेव, आधीची आठ पूस. आणि फोन घेऊन ती माझ्या डोक्यावरच्या पायरीवर आत्याशेजारी जाऊन बसली.

"बाकीचे आठ कुठे गेले?" फोनच्या यादीत एकच सराव उरलेला पाहून आत्याने विचारलं.

"सारखेच होते, आत्या. सगळ्यात चांगला ठेवलाय."

"सारखे?" आत्याने फोन खाली ठेवला. "आठ वेळा चुकले, तेव्हा कुठे तो नववा आला. पोरींना मी चुकाच ऐकवते गं. आता माझा गळा चुकूसुद्धा शकत नाही."

भाचीने पायरीवरून उडीच मारली. कपाट उघडलं. "थांब रे म्हाताऱ्या, थांब."

तोवर माझे तीनच पुसून झाले होते. माझ्या ज्या मंदपणावर सगळे वैतागायचे, त्याने त्या दिवशी पाच चुका वाचवल्या.

आत्या वाकली. तिने तळहाताने माझ्यावरची धूळ पुसली. "शहाणा आहेस," म्हणाली. दुसऱ्याच दिवशी भाचीने सगळ्या गाण्यांची एक प्रत वेगळ्या जागी ठेवली.

आता प्लेअरवर दोनच बटणं आहेत. संध्याकाळी पोरी येतात, मोठं बटण दाबलं जातं आणि त्याच जागी आत्या पुन्हा चुकते. "इथे," ती कुजबुजते, "इथे मी घाई केली."

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखं कोणी कपाटात असेल. त्याची धूळ पुसा. आणि दोन गोष्टी सारख्या वाटल्या, तर एक पुसण्याआधी दोन्ही नीट ऐका.

मी पुसलेल्या तीन सरावांपैकी एकात आत्या चुकते आणि खळखळून हसते. त्या दोघींना मी हे सांगू शकत नाही. म्हणून तुम्हाला

थांबा.

हं. म्हणून तुम्हाला सांगितलं.