चार दिवसांसाठी कशाला पट्टी?

मी सांधा बोलतोय. दोन जिप्सम बोर्डांच्या मधला, छतापासून जमिनीपर्यंत उभा. आवाज बसलाय, जरा जवळ या.

माझा जन्म घाईतला. ताई नवऱ्याचं घर सोडून दोन बॅगा घेऊन परत आली, तेव्हा बाबांनी बैठकीच्या खोलीतला एक तुकडा तिच्यासाठी आडोसा करून दिला. पत्र्याचा सांगाडा, त्यावर बोर्ड, एक दार. मग माझी पाळी आली.

सांध्यावर आधी ओली पुट्टी लावायची, तिच्यात कागदाची पट्टी दाबून बसवायची, मग वाळवत वाळवत वरून पातळ हात द्यायचे. दुकानदारानं पट्टीचं भेंडोळंही दिलं होतं. बाबांनी ते माळ्यावर टाकलं.

"अहो, पट्टी राहिली," आई म्हणाली.

"चार दिवसांसाठी कशाला पट्टी? जाईल ती परत. नुसत्या पुट्टीनं भागतंय."

ताई पलीकडेच होती. बोर्डातून सगळं ऐकू जातं, हे बाबांना ठाऊक नव्हतं असं मी मुळीच मानत नाही.

भागलं नाहीच. दार आपटलं की सांगाडा हलायचा आणि मी तडकायचो. "मालच भिकार!" म्हणत बाबा पुन्हा पुट्टी थापायचे. मालाचा काय दोष? माझ्यावर थरावर थर चढले, फुगवटा आला, तडा तसाच. माणसं फट दिसली की बुजवायला धावतात. ती का पडली, हे विचारायला मात्र कुणाला सवड नसते. थकलो मी.

शेवटी बाबांनी माझ्यावर कॅलेंडर टांगलं. मावशी आली की विचारायची, "अजून इथेच का गं ही?" आई कॅलेंडरकडे बघून म्हणायची, "बघू."

एका रविवारी ताईनं कॅलेंडर उतरवलं आणि मला खरवडायला घेतलं. बाबा पेपर टाकून उठले.

"हे काय नवीन?"

"सांधा नीट करतेय."

"अगं, पण ही भिंत नंतर काढायचीच आहे."

"नंतर म्हणजे कधी, बाबा? मी परत जाणार नाहीये. चालत नसेल तर आत्ताच सांगा, पुट्टी कालवायच्या आधी."

आई ओट्याशी हातातलं भांडं तसंच धरून उभी.

बाबा स्टुलावर चढले, माळ्यावर चाचपलं, भेंडोळ्यावरची धूळ फुंकली.

"वरचं टोक मी धरतो. तू पुट्टीचं पातं पट्टीच्या मधोमध धरून खाली ओढत ये. पट्टीखाली हवा राहिली तर पुन्हा फुटेल."

म्हणजे त्यांना सगळं येत होतं!

आता पट्टी बसली, वरचे हात वाळले, घासून रंगही झाला. हात फिरवलात तरी मी सापडणार नाही, आणि सांध्याला याहून मोठं सुख नसतं. मला शोधू नका. एवढंच करा, दार जरा हळू लावा.