रईस बरकातांच्या ग्लासातलं बूच

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे, पण मला बघून आधी कोणाचा विश्वास बसत नाही. दोन लांबट पोकळ पोटं, मध्ये ताणलेली जाळी आणि वर शीड, एवढाच माझा संसार. लोक मला कॅटमरान म्हणतात. सफागा या गावाच्या किनाऱ्यावर माझी एकोणीस वर्षं गेली. इथला वारा सकाळी दहाला सुटतो तो संध्याकाळपर्यंत दम घेत नाही, म्हणून आठवड्याभरात शीड हाकायला शिकायला माणसं इथंच येतात. मी नवी होते तेव्हा लोक माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढायचे. पुढे ठिगळं पडली, रंग उडाला. त्याचं मला फारसं काही नाही. मला तोंड नाही, याचंच काय ते दुःख आहे.

माझं डावं पोट झिरपायचं. त्याच्या मागच्या टोकाला एक भोक आहे. किनाऱ्यावर आलं की तिथलं बूच काढायचं, पाणी सांडू द्यायचं आणि निघताना बूच पुन्हा घट्ट बसवायचं. हे काम रईस बरकातांचं. रईस म्हणजे इथल्या बोलीत होडीचा कप्तान, आणि शीड शिकवायचेही तेच. ते शिकवायला कडक, पण विसरण्यात पहिला नंबर. म्हणून त्यांनी स्वतःलाच एक शिस्त लावून घेतली होती. काढलेलं बूच ते आपल्या चहाच्या ग्लासात टाकायचे. चहा घेतल्याशिवाय ते कोणालाही पाण्यात सोडत नसत, आणि बूच बाहेर काढल्याशिवाय ग्लासात चहा ओतता येत नसे. इतक्या वर्षांत एकदाही चूक झाली नाही.

मग एका शनिवारी रदवा आली. गावातल्या दवाखान्यात औषधं देणारी, सव्वीस वर्षांची, काटकुळी. तिचे वडील कोळी होते. नऊ वर्षांपूर्वी त्यांची होडी उलटली आणि ते किनारा दिसतोय म्हणून पोहत निघाले असावेत. होडी दुसऱ्या दिवशी तरंगताना सापडली, ते सापडले नाहीत. तेव्हापासून तिच्या आईनं पाण्याला पाय लावला नव्हता.

"काय गं, शिकून काय करणार?" रईसांनी विचारलं.

"बाबा कुठं चुकले ते मला पाण्यावर जाऊन बघायचंय."

दुसऱ्याच दिवशी रईसांनी मला मुद्दाम उलटवलं आणि रदवाला माझ्या उपड्या पोटावर तासभर बसवून ठेवलं.

"कंटाळलीस?"

"कंबर गेली माझी, रईस."

"जाऊ दे. होडी लांबून दिसते पोरी, पोहणाऱ्याचं डोकं दिसत नाही. होडी सोडायची नाही. बुडतेय असं वाटलं तरी नाही."

सहा दिवस त्या पोरीनं वाऱ्याशी कुस्ती खेळली. हाताला फोड आले, दोनदा रडली, एकदा मला लाथ मारली. सहाव्या दिवशी मात्र झोत आला की दोर किती सोडायचा ते तिच्या हाताला आपोआप कळायला लागलं. मला ती फार आवडली. सातव्या दिवशी, शुक्रवारी, तिला एकटीनं लांबवर तरंगणाऱ्या पिवळ्या बोयाला वळसा घालून यायचं होतं.

त्या दिवशी नमाजानंतर तिची आई आली. मुलीला अडवायला नाही, बघायला. बाई रिकाम्या हातानं कशी येणार? पुदिन्याचा चहा आणला होता, आणि पाहुणीचा मान म्हणून घरचे सोनेरी काठाचे ग्लासही.

"घ्या रईस. माझी पोर तुमच्या हाती दिलीय."

पाहुणीच्या ग्लासाला नाही म्हणायची रीत इथं नाही. रईसांनी घेतला, दोन घोटांत संपवला आणि म्हणाले, "चल पोरी, वारा चांगला आहे."

त्यांचा स्वतःचा ग्लास फळीवर तसाच होता. आत माझं बूच होतं. मला ते समोर दिसत होतं हो. मी काय करणार? मला ढकललं, मी गेले.

बोयापर्यंत ती झकास गेली. वळताना माझं डावं पोट जड झालं होतं. रदवा दोर सैल करत होती, मागे सरकत होती, शिकवलेलं सगळं करत होती. तिची एकही चूक नव्हती आणि मी भरत होते. एक झोत आला, माझं डावं टोक पाण्यात घुसलं आणि आम्ही दोघी कोलांटी खाल्ल्यासारख्या उलटलो.

तिनं मला सरळ करायला चारदा दोर ओढला. पाण्यानं भरलेलं पोट कुठं उठतंय! ती माझ्या उजव्या पोटावर चढून बसली. वारा आम्हाला बाहेर, मोठ्या समुद्राकडे नेत होता. किनाऱ्यावरची छपरं दिसत होती.

"एवढंसं तर आहे," ती म्हणाली आणि पाय पाण्यात सोडले.

मित्रांनो, माझ्या पोटात न बुडणाऱ्या फोमचे ठोकळे आहेत, मी पुरती बुडत नाही, हे तिला कसं सांगू? थांब म्हणायला एक शब्दही माझ्याकडे नव्हता.

ती बराच वेळ किनाऱ्याकडे बघत राहिली. मग पाय वर घेतले आणि जाळीत कोपरापर्यंत हात अडकवला.

"इथंच चुकले बाबा," ती म्हणाली आणि ढसाढसा रडायला लागली.

किनाऱ्यावर काय झालं ते मला नंतर ऐकायला मिळालं. आई ग्लास विसळायला बसली. फळीवरचा रईसांचा ग्लास उचलला तर आत काहीतरी खुळखुळलं.

"रईस, हे रबराचं काय आहे?"

रईस मोटरच्या होडीकडे धावले. मागोमाग आई पाण्यात उतरली आणि होडीत चढली.

पाऊण तासानं आम्ही सापडलो. आईनं आधी पोरीला एक चापट मारली, मग छातीशी धरलं. बूच अजून आईच्या मुठीतच होतं.

"माझ्याच चहानं घात केला असता."

"चहाचा काय दोष," रईस मान खाली घालून म्हणाले. "ढकलणारे हात माझे होते."

ओढून आणताना माझं डावं पोट फाटलं. आता मी छपराखाली पडून असते. नव्या होडीवर रदवा शिकवते. ती होडी पाण्यात जाताना मी आजही आधी तिचं बूच शोधते, आणि नसलंच तर मी आजही काही करू शकणार नाही. म्हणून तुम्हाला सांगते, आमच्यावर बसण्याआधी एकदा वाकून बघत जा. आम्हाला हाक मारता येत नाही.

रदवाची आई अजून दर शुक्रवारी चहा घेऊन येते. ग्लास मात्र आणत नाही. रईसांचाच ग्लास घेते, उपडा करते, आत बोट फिरवून बघते आणि मगच चहा ओतते.