नमुन्याचा पत्रा छपरावर चढतो

मित्रांनो, पत्रा म्हटलं की तुम्हाला छप्पर आठवतं. पण मी एक जुना नमुन्याचा पत्रा आहे. माझं निम्मं आयुष्य लोकांच्या बैठकीच्या खोलीत, चहाच्या कपाशेजारी गेलं.

कारखान्यात माझी भावंडं लांबच्या लांब कापली गेली आणि ट्रकमधून छपरांवर गेली. मी मात्र हातभर कापला गेलो. कुणाचं बोट कापू नये म्हणून माझ्या कडा घासल्या, निळा रंग दिला आणि एका छपरवाल्या ठेकेदाराच्या हाती सोपवलं. त्याला सगळे गोडबोल्या म्हणत, आणि उगाच नाही. मला मखमली फडक्यातून काढायचा, टणकन वाजवायचा आणि म्हणायचा, "आवाज ऐका! वर हत्ती नाचवा!" आता छपरावर हत्ती कोण कशाला नाचवेल? पण लोक खूश व्हायचे, आगाऊ रक्कम द्यायचे. मग त्यांच्या घरावर जो पत्रा चढायचा, त्याचा रंग माझ्यासारखा आणि अंग कागदासारखं. शिव्या मात्र माझ्या रंगाला बसायच्या. फार वाईट वाटायचं हो!

एकदा आम्ही शिवणकाम शिकवणाऱ्या एका मावशींच्या घरी गेलो. वरच्या खोलीत त्यांचा क्लास, आणि डोक्यावर चाळणी झालेलं जुनं छप्पर. गेल्या पावसात शिवून ठेवलेले कपडे भिजले आणि एकाचा रंग दुसऱ्याला लागला. "आता छप्पर तरी नवं, नाहीतर क्लास बंद," असं मावशींनी जाहीर केलं होतं. त्यांचे यजमान नुकतेच निवृत्त झालेले. भाव काढायचं काम त्यांनी अंगावर घेतलं आणि दिवसभर फोनला चिकटले, कधी भाव विचारत, कधी छपरांचे व्हिडिओ बघत. कुणी चौरस फुटावर भाव सांगे, कुणी अख्ख्या कामावर. एकजण म्हणाला, "तुम्ही घरचेच, तुमच्याकडून काय घ्यायचं!" तोच सगळ्यांत महाग निघाला.

"अहो, छपराचे व्हिडिओ बघून छप्पर होत नाही," मावशी म्हणाल्या.

गोडबोल्याने मला टणकन वाजवलं. यजमान हरखले. मावशींनी मात्र कापड चाचपावं तसं मला चिमटीत धरलं. "छान आहे. हा इथेच राहू दे. आम्ही कापडाचा तागा आला की नमुन्याशी जुळवतो. तुमचा माल आला की तसंच बघेन, मग पैसे."

"ताई, माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे ना! म्हणून तर चहा दिला."

चार दिवसांनी टेंपो आला. मावशींनी मला नव्या पत्र्याच्या कडेला लावलं, दोन्ही चाचपले आणि ओरडल्या, "अहो, हा तर अस्तराचा पत्रा!"

"ताई, उन्हात जरा पातळ दिसतो," गोडबोल्या म्हणाला. मला तोंड असतं तर मी पोट धरून हसलो असतो. टेंपो आल्या पावली परत गेला. त्या गडबडीत गोडबोल्या मला तिथेच विसरला.

इकडे पाऊस तोंडावर आलेला. यजमानांचा चेहरा उतरला. शेवटी त्यांनी समोरच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, कारण त्यांचं छप्पर कोरडं होतं. त्यांनी पाठवलेला ठेकेदार आला तो एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून. आधी वर चढला, सगळं ठोकून बघितलं, मग खाली येऊन भाव सांगितला. भाव गोडबोल्यापेक्षा चढाच होता.

"तुमचं एखादं काम बघायला मिळेल?" यजमानांनी विचारलं.

त्याने एक पत्ता दिला. "इथे जा. इथलं माझं काम गळलं होतं."

"गळलेलं दाखवताय?"

"न गळलेलं सगळेच दाखवतात. गळल्यावर मी काय केलं, ते त्यांना विचारा."

दोघं गेले. मावशींच्या पिशवीत मीही होतो. त्या घरचे आजोबा तावातावाने म्हणाले, "महाखडूस माणूस! हसत नाही, चहा घेत नाही. पण फोन केला तर भर पावसात आला आणि गळती थांबेपर्यंत हलला नाही. वर एक पैसा घेतला नाही!"

"ठरलं," मावशी म्हणाल्या.

त्या खडूसाने माल मागवला तो माझ्याशी जुळवून. काम झरझर चाललं, ढगही जमत गेले. आणि शेवटच्या कोपऱ्यात पत्रा हातभर कमी पडला!

"मापात चुकलो," खडूस म्हणाला. आभाळाकडे बघितलं, मग शिवणाच्या टेबलावर पडलेल्या माझ्याकडे. "तो द्या वर."

मित्रांनो, अंगात स्क्रू घुसले तेव्हा माझा जीव नुसता कासावीस झाला. पण बसलो एकदाचा जागेवर, आणि त्याच संध्याकाळी पाऊस कोसळला.

आता मला कुणी मखमलीत गुंडाळत नाही, टणकन वाजवत नाही. पण अनुभवाने एवढंच सांगतो. नमुना जरूर बघा, पण आलेला माल त्याच्याशी लावून बघा, आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या दारात जाऊन या. छप्पर झालं की त्याला विसरू नका. अधूनमधून पालापाचोळा झाडा, सैल स्क्रू आवळा.

काल पावसाने नुसतं झोडपून काढलं. मावशींनी एक पांढराशुभ्र झगा शिवून पुरा केला आणि नेमका माझ्याच खाली टांगला. वर एकदा बघितलंसुद्धा नाही. माझं एवढं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं.